उगं बसण्याचे दिवस

मार्च लागला की माझा घसा धरतो. डॉक्टर म्हणतात धूळ आहे, आणि आजी, तुमचं वयही झालंय. वयाचं मला काय सांगता, ते माझ्याच घरी राहतं, म्हणते मी, आणि गरम पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर बसते. समोरच्या कडुलिंबाला मोहर आलेला असतो. वरच्या मजल्यावरची मुलगी पुस्तक छातीशी धरून गच्चीत येरझाऱ्या घालते, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत पाठ करते. मध्येच कठड्यावरून वाकून सांगते, "आजी, ये वाला धडा होतच नाही ना." मी म्हणते, होईल. परीक्षेच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांनी एवढंच म्हणायचं असतं.

यंदा घशाला आणखी एक कारण झालं. इटारसीहून डेव्हिडच्या सुनेचा फोन आला. "पापाजी को लकवा मार गया, आंटी. हाथ थोड़ा चल रहा है, पर आवाज़ चली गई." समजतं सगळं, ओळखतात सगळ्यांना, पण बोलायला गेले की नुसता श्वास येतो, असं ती म्हणाली.

डेव्हिड माझा कोण, असं लोक मला आयुष्यभर विचारत आले. पुष्कळांना वाटतं आमचं लग्न व्हायला हवं होतं. नाही झालं, व्हायचंही नव्हतं, त्याला बायको चांगली मिळाली आणि मला नवरा. पण दर ईस्टरला उजाडताना त्याचा फोन येतो. नमस्ते नाही, कशी आहेस नाही. एकच शब्द विचारतो, "करुणा, उगी?" मीही तोच शब्द परत देते, "उगी." मग तब्येती, नातवंडं, गुडघे. यंदा तो शब्द कोण विचारणार? आणि ज्याच्या तोंडून शब्द येत नाही त्याच्याशी फोनवर मी बोलणार तरी काय? हे काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आमची ओळख झाली ती वर्षं राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या त्यानंतरची. तुकईथड स्टेशनाच्या पलीकडे महाराष्ट्र गेला आणि अलीकडे आम्ही राहिलो. बुऱ्हाणपूर तिथंच होतं, तापीही तिथंच होती, पण कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. अर्ज हिंदीत, परीक्षा हिंदीत, आणि भाजीबाजारात भांडण मात्र मराठीत. कॉलेज नवं होतं. जबलपूर, इटारसी, खंडवा, कुठकुठून मुलं यायची आणि आमचं बोलणं ऐकून गोंधळायची. आम्ही त्यांचं ऐकून हसायचो. दोन्हीकडे शब्द तेच असायचे आणि अर्थ वेगळे, म्हणजे भांडायला भरपूर सोय.

माझे वडील पाळक होते, आमच्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे. पाळकाच्या मुलीला प्रार्थना यायलाच हवी, अशी सगळ्यांची समजूत. मला यायची. पाहुणे आले की, "करुणा, प्रार्थना कर बेटा," आणि मी सुरू. शब्द कसे भराभर यायचे. दयाळू, कनवाळू, करुणासागर. शेवटी आई हळूच पदर ओढायची, वरण गार होतंय म्हणून.

मी कॉलेजात होते त्या वर्षी, श्रावणात, ती आई गेली. ताप होता, उतरलाच नाही. मी तिच्या खाटेशी बसून मोठमोठ्यानं प्रार्थना करत होते. माझ्याजवळ होते नव्हते ते सगळे चांगले शब्द मी तिथं खर्च केले. मध्ये तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उगी राय, बाई. उगी." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी त्याचा अर्थ घेतला, गप बस. पुरे झालं तुझं. काही उपयोग नाही. ते माझ्या घशात जाऊन बसलं, आणि त्या दिवसापासून माझ्या तोंडून प्रार्थना आली नाही. शब्द ओठाशी आला की त्याला औषधाचा वास यायचा.

नाताळानंतर वडिलांची बदली खाली जळगावकडे झाली. माझी परीक्षा तोंडावर होती म्हणून मी बुऱ्हाणपुरातच, लालबागेत, साळवेबाईंकडे राहिले. बाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या, एकट्याच होत्या. पायात काळ्या चपला, नाकावर घसरणारा चष्मा, आणि चहात आलं इतकं की पहिल्या घोटाला ठसका. दर शनिवारी ऊन कललं की त्यांच्या पुढच्या खोलीत आमचा विद्यार्थ्यांचा संघ जमायचा. सतरंजी, एक बाक, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. गीतं व्हायची आणि मग साखळी प्रार्थना. म्हणजे एकानं प्रार्थना सुरू करायची, त्याचं संपलं की शेजारच्यानं पुढं न्यायची, अशी ती फिरत फिरत पहिल्यापाशी परत यायची.

ती माझ्यापाशी आली की तुटायची. सगळे डोळे मिटून थांबलेले, आणि मी ओठ आवळून बसलेली. कोणीतरी खोकायचं. मग माझ्या पलीकडचा पुढं न्यायचा. दोनतीन शनिवार लोकांनी समजून घेतलं. मग कानावर यायला लागलं, पाळकसाहेबांची पोर देवावर रुसली. रुसले असते तर बरं होतं, रुसवा निघतो तरी. मला भीती वाटत होती की पलीकडे कोणी नाहीच. मी मनाशी ठरवून टाकलं: ईस्टरच्या सकाळी नदीवर उपासना असते, वडील तिला येणार आहेत, तिथंही साखळी माझ्यापाशी तुटली तर मग वडिलांना स्पष्ट सांगायचं, बाबा, माझ्यापाशी आता देव नाही, मला तुमच्या मंडळीतून मोकळी करा. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. पण खोटं आमेन म्हणायची माझी तयारी नव्हती.

अशात भांडण झालं, आणि देवाची कृपा म्हणूनच झालं. निमित्त डेव्हिडचं. इटारसीच्या रेल्वे वसाहतीत वाढलेला, हाडकुळा, पाय सतत हलवणारा आणि फार मनापासून प्रार्थना करणारा मुलगा. त्या शनिवारी त्यानं डोळे घट्ट मिटून म्हटलं, "हे प्रभु, हमें बल दे कि हम तेरे सामने सच्चे मन से चेष्टा करें." त्यांच्यात चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्यात चेष्टा म्हणजे काय ते सांगायला नको. मराठी बाजू फिसकन हसली. डेव्हिड लाल झाला. मग हिंदी बाजूच्या एकानं विचारलं, सगळी गीतं मराठीत का? इकडून उत्तर, गाव आमचं आहे म्हणून. तिकडून, राज्य कोणाचं आहे? बघता बघता देव बाजूला राहिला आणि राज्य पुनर्रचना सुरू झाली.

साळवेबाई चहा गाळत होत्या. गाळणं हातात घेऊनच दारात आल्या. म्हणाल्या, "गाणं मराठीत की हिंदीत, प्रार्थना मराठीत की हिंदीत, ठरत नाही ना तुमचं? मग बोलूच नका. पुढल्या शनिवारी या, बसा, उठा, चहा प्या आणि जा. ईस्टरपर्यंत असंच." कोणीतरी विचारलं, "आणि उपासना?" "हीच उपासना," बाई म्हणाल्या. त्या स्वतः रोज पहाटे मागच्या अंगणात अर्धा तास तशाच बसायच्या, हे मला तिथं राहून माहीत झालं होतं. हातात पुस्तक नाही, ओठ हलत नाहीत. मला आधी वाटलं होतं डुलकी घेतात.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. सुटले, असं आलं. साखळीच नाही तर तुटणार कुठून.

पहिल्या शनिवारी आम्ही सगळे बसलो. सतरंजीवर सात-आठ जण, आणि त्यांत निंबोला गावचा यशवंतही. यशवंत आमच्यातला नव्हता, केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, डेव्हिडच्या वर्गातला. कधीमधी चहाला यायचा. बोलायचं नाही हे ऐकून म्हणाला, "मंग मले चालते. घरी बसलं का कोनी ना कोनी काम सांगते."

शांत बसणं म्हणजे शांतता, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं बुऱ्हाणपुरात येऊन बसावं. शेजारच्या गल्लीत मागांची खटखट अखंड. टांगेवाला घोड्याशी हुज्जत घालतोय. कावळा पन्हाळीवर चोच घासतोय. कोणाच्या पोटात गुरगुरलं, आणि सगळ्यांनी हसू दाबलं. त्यात डेव्हिडचा पाय. तो बाकावर बसला होता, पाय हलला की बाक कुरकुरायचा. कुर्र, कुर्र. शेवटी बाई डोळे न उघडता हळूच म्हणाल्या, "उगा राहा रे, डेव्हिड."

बाक थांबला. जरा वेळ गेला. मग डेव्हिडचा आवाज आला, अगदी गंभीर, "कौन, बाई?"

"काय कोण?"

"कौन उगा रहा है? और क्या उगा रहा है?"

क्षणभर कोणालाच कळेना. मग यशवंत म्हणाला, "केळी. आमच्या निंबोल्यात. इकडं दुसरं काय उगू रायलं?"

खोली फुटली. बाई पदरानं डोळे पुसत होत्या. हसू ओसरल्यावर त्यांनी समजावलं की उगा म्हणजे चुप, शांत, पोरगं रडायला लागलं की म्हणतात तसं; मुलगा असेल तर उगा, मुलगी असेल तर उगी. डेव्हिडनं बोटांनी जमिनीतून कोंब वर येतो तसं करून दाखवलं, "और हमारे में उगा मतलब ये." बाई म्हणाल्या, "बरं झालं. दोन्ही चालेल."

मीसुद्धा हसले होते. श्रावणानंतर पहिल्यांदा. आणि हसता हसता एकदम उठून मागं गेले, माठापाशी, कारण बाई जे सांगत होत्या ते मी ऐकलं होतं. पोरगं रडायला लागलं की म्हणतात तसं. डोईफोडिया गावची माझी आई मला लहानपणी गुडघा फुटला की मांडीवर घेऊन हेच म्हणायची, उगी राय, बाई. कान दुखला की उगी, बाहुली हरवली की उगी. ती मला गप बस कधीच म्हणाली नव्हती. त्या खाटेवरही नाही. मी रडत होते आणि माझी मरणारी आई माझी समजूत काढत होती. एवढी साधी गोष्ट, आईची भाषा, आणि मी तिचा अर्थ परक्यासारखा घेतला होता. माठाच्या गार अंगाला कपाळ टेकून मी पोटभर रडले. बाई आल्या नाहीत. आत कोणी हाकही मारली नाही. परत जाऊन बसले तेव्हा सगळे डोळे मिटून उगे होते, आणि माझी जागा तशीच राखलेली होती.

त्यानंतरचे शनिवार आठवले की आजही अंगावरून गार वारा जातो. आमच्या बसण्याचं नावच पडलं, उगा. "आज उगा है क्या?" हिंदी मुलं विचारायची. उन्हं वाढत होती. पळस फुलून गेला, बाजारात कैऱ्या आल्या, तापीच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या हिरव्या झाल्या. आम्ही पुस्तकं घेऊन यायचो, दाराशी चपलांसोबत ठेवायचो आणि बसायचो. आधी डोक्यात नुसत्या परीक्षेच्या तारखा. मग मागांची खटखट. मग ती खटखटही दूर जायची, आणि तिच्या खाली काहीतरी असायचं. लालबागेत जमिनीखालून पाणी वाहतं, आपण वरून चालतो आणि कळत नाही. विहिरीत कान दिला तर ऐकू येतं. तसं. त्याला देव म्हणायचं की नाही हे मी ठरवलं नाही. ठरवायची घाई गेली होती, हेच खूप होतं.

आमचं गाव व्यापाऱ्यांचं. कुठं जाता म्हटल्यावर पुढचा प्रश्न, मिळतं काय? यशवंतच्या आईनंही विचारलं होतं. मुलगा किरिस्तावांच्यात जातो, ती बिचारी काळजीत. "तिथं करतं काय रे तू?" "काही नाही." "काही नाही म्हन्जे?" "काहीच नाही, उगाच बसतो." तिनं विचार केला आणि म्हणाली, "मंग जाय." पुढल्या शनिवारी तिनं त्याच्यासोबत केळ्यांची फणी पाठवली, उगाच बसणाऱ्यांना भूक लागत असेल म्हणून. मला हा उगाच शब्द फार आवडायला लागला. कशासाठीही नाही, असंच. मी आयुष्यभर देवाकडे काहीतरी मागायलाच गेले होते. उगाच कधी गेले नव्हते.

ईस्टर आला. आदल्या संध्याकाळी बाबा भुसावळच्या पॅसेंजरनं आले. केस पार पांढरे झालेले, बिनबाईच्या घरातले चुरगळलेले कपडे. त्यांनी मला परीक्षेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. प्रार्थनेचं विचारलं नाही. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं, हे त्या न विचारण्यातच कळलं.

पहाटे आम्ही तापीच्या राजघाटावर जमलो. पाणी कमी होतं, वाळूवर गारवा होता, टरबुजाच्या वाडीत राखणदार खोकत होता. पूर्वेला फटफटलं. आमचा संघ गोल बसला, मंडळी मागं. उपासनेत साखळी होणारच होती, बाईंची बंदी ईस्टरपर्यंतच होती. पण आता कोणी भांडलं नाही. ज्याला जी भाषा आली त्यानं त्या भाषेत प्रार्थना केली, आणि मधे मधे सगळे आपोआप उगे राहायचे. साखळी पुढं सरकत होती. माझ्या डाव्या हाताला असलेली मुलगी थांबली. माझी पाळी आली.

मी तोंड उघडलं. दयाळू आलं नाही, कनवाळू आलं नाही. घसा आवळला. मागं बाबा होते, त्यांचा श्वास मला ओळखू येत होता. नदी होती. मी ठरवलं होतं ते आठवलं, आणि वाटलं, बस, तुटली. आणि मग छातीतून कुठूनतरी, आईच्या आवाजात म्हणावं तसं, एकच आलं. "उगी."

पुढं काही नाही. एवढंच. मी ते देवाला म्हटलं, की देव मला म्हणाला, की आई, अजून सांगता येणार नाही.

माझ्या उजव्या हाताला डेव्हिड होता. तो हळू, स्पष्ट म्हणाला, "उगी. आमेन." आणि साखळी पुढं गेली.

नंतर वाळूतून परत येताना मी त्याला विचारलं, तू उगी का म्हणालास? तुला कळलं तरी होतं का मी काय म्हणाले? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी. "प्रार्थना उगी, और क्या? इतने महीनों बाद."

बाबा मागून येत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढा बोलणारा माणूस, फक्त म्हणाले, "तिचा शब्द जपून ठेव." आम्ही बाईंच्या घरी जाऊन आल्याचा चहा प्यायलो आणि सगळ्यांना ठसका लागला.

परीक्षा झाली, पास झाले, सगळे पांगलो. यशवंत शेतीत गेला, डेव्हिड रेल्वेत. मी शाळेत शिकवलं, पोरं वाढवली, आणि माणसं गेली तेव्हा त्यांच्या खाटेशी बसले. चांगले शब्द परत कधी फारसे आले नाहीत. त्यांची वाण पडली नाही. त्या एका उन्हाळ्यानं मला जन्मभर पुरेल एवढं दिलं, आणि देणाऱ्यांनी काय दिलं हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. बाईंना मी एकदा आभार म्हणाले तर त्या म्हणाल्या, अगं, मला तर त्या दिवशी तुमच्या भांडणानं डोकं दुखत होतं.

हे लिहायला घेतलं तेव्हा ईस्टर यायचा होता. तो परवा झाला. उजाडताना मी फोनजवळ बसून राहिले, सवयीनं. वाजला नाही. मग मीच लावला. सुनेनं उचलला. "पापाजी जाग रहे हैं, आंटी. स्पीकर पे रख देती हूँ."

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग तो विचारायचा प्रयत्न करू लागला. "उ..." आणि अडकलं. "उ... उ..." मला दिसत होतं सगळं, आवळलेला घसा, भोवती थांबलेली माणसं, तुटलेली साखळी. काय विचारायचंय हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि तरी तो त्या शब्दाशी झगडत होता. श्वास चढायला लागला. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही.

"उगा राहा, डेव्हिड," मी म्हटलं. "उगा राहा."

तो थांबला. हळूहळू त्याचा श्वास खाली आला. मग आम्ही दोघं बसलो, तो इटारसीला, मी इथं ओसरीवर. त्याच्याकडे गाडीची शिट्टी झाली, माझ्याकडे वरची मुलगी पाठ करत होती. सगळं तसंच होतं.

मग सुनेचा आवाज आला, अगदी हळू. "आंटी, पापाजी तो हँस रहे हैं. कौन उगा रहा है?"